आध्मान आणि वालाचे बिरडे

शिंबीधान्ये कोष्ठात वातप्रकोप करतात, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २७व्या अध्यायात सांगितले आहे. त्याची आधुनिक उपपत्ती अशी : कडधान्यांतील रॅफिनोज व स्टॅचिओज या शर्करा पचविणारे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज मनुष्याच्या लघ्वंत्रात नसते. त्या तशाच पक्वाशयात उतरतात. तेथील जंतू त्यांचे किण्वन करून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या कोठ्यात मिथेनही निर्माण करतात.

साठीच्या एका आजींना पोटफुगीसाठी मी दोन महिने हिंग्वाष्टक चूर्ण दिले. उपशय अल्पच. कंटाळून त्यांनी कडधान्ये वर्ज्य केली. फुगारा थांबला, परंतु शाकाहारी घरात ही किंमत मोठी. चूक माझीच होती. आहार विचारला, पाककृती विचारली नाही. घरी वाल जेमतेम तासभर भिजवून थेट कुकरमध्ये शिजत होते. मोड येताना बीज याच शर्करा आपल्या वाढीसाठी खर्च करते. भिजवणाचे पाणी टाकले की आणखी काही भाग निघून जातो. भिजवणे, मोड आणणे, सोलणे ही बिरड्याची खटपट म्हणजे केवळ जिभेचे चोचले नव्हेत! मोड आलेल्या मुगापासून पुनश्च आरंभ केला. महिन्याभराने बिरडेही सोसू लागले.

तथापि पन्नाशीपुढील स्त्रीस नव्याने जडलेले व टिकून राहणारे आध्मान हे बीजांडकोशाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते, हे वैद्यमित्रांनी विसरू नये. या आजींची सोनोग्राफी मी पहिल्याच आठवड्यात करविली होती. ती निर्दोष आल्यावरच चूर्णाची पुडी बांधली.