बॅटिंग पॅड 'खेळाचं सामान', मग क्रिकेटचं हेल्मेट 'टोपी' कसं? कस्टमचं गणित समजून घ्या

सिंदखेड राजा तालुक्यातलं साखरखेर्डा. १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांच्यात झालेल्या लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकात पोहोचलेलं गाव. इथून न्हावा-शेवा बंदर शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे कस्टम, टॅरिफ, एचएस कोड हे शब्द ऐकले की वाटतं, हा मुंबईच्या मोठ्या व्यापाऱ्यांचा विषय, आपला काय संबंध?

संबंध आहे. बुलढाणा असो की चिखली, खेळाच्या दुकानात परदेशी बनावटीचं हेल्मेट, ग्लोव्ह्ज किंवा स्पाइकचे बूट दिसले, तर त्यांच्या किमतीत सीमाशुल्क मिसळलेलं असतं. आणि ते किती लागणार, हे ठरतं एका आठ आकडी कोडवरून.

गंमत अशी की खेळाडूच्या एकाच किटबॅगेत कस्टमला पाच वेगवेगळी 'खाती' दिसतात.

हा कोड येतो कुठून?

जगभरातल्या मालाला एकच ओळख असावी म्हणून जागतिक सीमाशुल्क संघटनेने एक पद्धत तयार केली, तिला 'हार्मोनाइज्ड सिस्टम' म्हणतात. ती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. या कोडचे पहिले सहा आकडे ही पद्धत मानणाऱ्या सगळ्या देशांत सारखेच. पुढचे दोन आकडे भारत स्वतःचे जोडतो. ही सगळी यादी आपल्याकडे सीमाशुल्क टॅरिफ कायदा, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत आहे.

उदाहरण घेऊ. क्रिकेटचे लेग पॅड आणि बॅट यांचा कोड आहे ९५०६ ९९ २०. यातला ९५ म्हणजे प्रकरण : खेळणी, खेळ आणि क्रीडासाहित्य. ९५०६ म्हणजे व्यायाम आणि मैदानी खेळांचं साहित्य. पुढचे आकडे नेमकी वस्तू सांगतात.

इथपर्यंत सोपं आहे. अडचण पुढे आहे.

खेळाची वस्तू, पण खेळाच्या प्रकरणात नाही

आपला साधा समज असा की जे मैदानावर वापरतात ते सगळं प्रकरण ९५ मध्ये जाणार. पण या प्रकरणाच्या सुरुवातीलाच एक टीप आहे आणि तिने बऱ्याच वस्तूंना बाहेरचा रस्ता दाखवलाय.

हेल्मेट : खेळाचं असलं तरी ते 'डोक्यावर घालायच्या वस्तू' म्हणजे प्रकरण ६५ मध्ये जातं, टोप्यांच्या शेजारी. सुरक्षेच्या हेल्मेटचा कोड सुरू होतो ६५०६ १० ने.

ग्लोव्ह्ज : ते कशाचे बनलेत त्यावर ठरतं. चामड्याचे, खास खेळासाठी बनवलेले असतील तर ४२०३ २१. विणलेल्या कापडाचे असतील तर कपड्यांच्या प्रकरणात.

बूट : प्रकरण ६४. २०२० च्या अर्थसंकल्पात बुटांवरची मूळ कस्टम ड्युटी २५ वरून ३५ टक्के केली, तेव्हा खेळाचे बूटही त्याच रांगेत होते.

किटबॅग : ४२०२, म्हणजे सुटकेस आणि पर्सच्या सोबत.

पोहण्याचा गॉगल : ९००४, चष्म्यांच्या घरात.

मग ९५०६ मध्ये राहिलं काय? लेग पॅड, नडगीचे गार्ड, कोपर आणि गुडघ्याचे पॅड, तलवारबाजीचा मुखवटा. पॅडसाठीच बनवलेले सुटे पट्टेही पॅडसोबतच जातात, पण साधे स्क्रू-नट नाहीत.

कपडा की संरक्षण?

सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती पॅड शिवलेल्या कपड्यांची. गोलकीपरच्या जर्सीला कोपरावर थोडं पॅडिंग असतं, मग ती संरक्षक साहित्य झाली का? टीप सांगते, नाही. पॅडिंग दुय्यम असेल तर तो कपडाच.

यावर अमेरिकेत झालेले दोन खटले बघण्यासारखे आहेत. २००४ मध्ये 'बावर नाइकी हॉकी' या कंपनीच्या आइस हॉकीच्या पँटचा वाद अपील न्यायालयात गेला. त्या पँटमध्ये जाड पॅड आणि गार्ड बसवलेले होते. न्यायालयाने ती खेळाचं साहित्य मानली. २०१४ मध्ये 'रिडेल' कंपनी अमेरिकन फुटबॉलच्या जर्सी आणि पँट घेऊन त्याच न्यायालयात गेली. ते कपडे पॅड बसवण्यासाठी बनवलेले होते, पण आयात करताना आत पॅड नव्हते. न्यायालय म्हणालं, हे कपडे आहेत.

म्हणजे माल बंदरावर ज्या अवस्थेत येतो, त्यावरून तो ओळखला जातो. पुढे तुम्ही त्यात काय बसवणार, हा नंतरचा विषय.

भारतातही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या 'वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्स' निकालात सांगितलंय की वर्गीकरणाचा वाद झाला तर या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा आधार घेणं सुरक्षित.

आता पैशाचं बोलू

आयात मालावर आधी मूळ कस्टम ड्युटी लागते. त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. आणि या सगळ्याची बेरीज करून त्यावर आयजीएसटी.

२०१८ च्या अर्थसंकल्पात मैदानी खेळांच्या साहित्यावरची मूळ ड्युटी १० वरून २० टक्के झाली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हेल्मेट मात्र वेगळ्या प्रकरणात असल्याने तिथे मूळ ड्युटी १० टक्के आणि जीएसटी १८ टक्के.

दोन्ही वस्तूंची किंमत १,००० रुपये धरू.

पॅड : ड्युटी २००, अधिभार २०, बेरीज १,२२०. त्यावर ५ टक्के म्हणजे ६१ रुपये. एकूण कर २८१ रुपये.

हेल्मेट : ड्युटी १००, अधिभार १०, बेरीज १,११०. त्यावर १८ टक्के म्हणजे १९९.८० रुपये. एकूण कर ३०९.८० रुपये.

हेल्मेटची मूळ ड्युटी पॅडच्या निम्मी, तरी एकूण कर जास्त. आणि जीएसटी १२ टक्के असताना पॅडवर ३६६.४० रुपये लागायचे, म्हणजे तेव्हा चित्र नेमकं उलटं होतं.

यात अजून एक पदर आहे. नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे त्याच्यासाठी खरा खर्च ड्युटी आणि अधिभाराचा. पण कंपोझिशन स्कीममधल्या छोट्या दुकानदाराला किंवा थेट माल मागवणाऱ्या क्रीडा मंडळाला हे क्रेडिट मिळत नाही. त्यांच्या खिशातून सगळी रक्कम जाते.

कोड चुकला तर?

२०११ पासून आपल्याकडे स्वयंमूल्यांकन आहे. म्हणजे बिल ऑफ एंट्री भरताना कोड आणि दर आयातदारानेच लिहायचा. अधिकारी नंतर तपासतात. कमी ड्युटी भरली गेली असेल तर दोन वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते. मुद्दाम खोटं सांगितलं किंवा माहिती लपवली असेल तर ही मुदत पाच वर्षांची, आणि ड्युटीइतकाच दंडही बसू शकतो.

म्हणून सगळ्या किटला 'स्पोर्ट्स गुड्स' असं एकच नाव देऊन मोकळं होणं महागात पडू शकतं. इन्व्हॉइसवर प्रत्येक वस्तू वेगळी, ती कशाची बनलीय आणि कशासाठी आहे हे लिहिलेलं असलं की निम्मं काम होतं. मोठी ऑर्डर देण्याआधी शंका असेल तर सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करून कोड आधीच विचारता येतो. त्याचं एक कार्यालय मुंबईत आहे.

आणि फक्त स्वतःसाठी मागवलं तर?

पोस्टाने किंवा विमानाने स्वतःच्या वापरासाठी एखादी वस्तू आली, तर तिच्यासाठी ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे. तिथे पॅड की हेल्मेट हा वाद उरत नाही, करपात्र वस्तू एकाच शीर्षकात येतात. पण परदेशातल्या भावाने 'गिफ्ट' म्हणून पाठवलं की कर नाही, हा समज सोडून द्या. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. तेव्हा अपवाद ठेवला गेला तो राखी आणि जीवरक्षक औषधांचा.

त्यामुळे पुढच्या वेळी दुकानदार म्हणाला की "इम्पोर्टेड आहे, म्हणून महाग", तर त्याला एवढंच विचारा : कोणत्या कोडने आलंय?