महागडा वायरलेस स्पीकर: खोक्यावरचे आकडे आणि आपली खोली

तीस-चाळीस हजारांचा वायरलेस स्पीकर बघायला गेलं की दुकानात आधी ऐकवलं जातं ते धडधडतं रीमिक्स, तेही आवाज जवळजवळ पूर्ण चढवून. परभणीत काय, पुण्यात काय, रीत हीच. त्या पाच मिनिटांत स्पीकर किती जोरात वाजतो एवढंच कळतं. घरी मात्र तो सकाळी अभंग, दुपारी भावगीतं आणि रात्री हळू आवाजात एखादा ख्याल वाजवणार असतो. त्याची परीक्षा याच कामात घ्यायला हवी. दुकानात आणि घरात सर्रास ऐकू येणाऱ्या काही समजुती म्हणून तपासून घेऊ.

गैरसमज: जास्त वॉट म्हणजे जास्त चांगला आवाज.

वॉट हा विजेचा हिशेब आहे, सुरांचा नाही. २० वॉटचे ४० वॉट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जेमतेम चढल्यासारखा वाटतो. ऐकताना दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. खोक्यावर ‘पीएमपीओ’ असं लिहून हजारांत आकडा दिला असेल तर तो सोडूनच द्या, कारण तो मोजायची कुठलीही मान्य पद्धत नाही. आरएमएसचा आकडा त्यातल्या त्यात खरा, पण १२ बाय १०च्या खोलीत महागड्या स्पीकरची ताकद सहसा कमी पडतच नाही.

गैरसमज: स्पीकर उत्तम असला की कुठंही ठेवा, उत्तमच वाजतो.

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते या समजुतीपायी. आपल्याकडच्या नव्या घरांत वर सिमेंटचा स्लॅब, खाली शहाबादी किंवा टाइल्स, भिंती गुळगुळीत रंगवलेल्या. काँक्रीट आवाजाची जेमतेम दोन टक्के ऊर्जा शोषतं. बाकीची खोलीतच फिरत राहते. गायकाचा एक शब्द विरायच्या आत दुसरा येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून बघा. मागून झणझण ऐकू आली तर गाण्यातही तीच मिसळणार. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं या बाबतीत नशीबवान. लाकडी तुळया, मातीच्या खडबडीत भिंती, कोनाडे यांवर आपटून आवाज विखुरला जातो.

उपाय स्वस्त आहे. जाड पडदा, सतरंजी, गादी घातलेला दिवाण, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. भिंतीवर एखादी जाड वाकळ टांगली तरी फरक जाणवतो. मात्र यांनी वरचे सूर आवरतात, खर्ज नाही. खर्जाचं गणित खोलीच्या मापात आहे: १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झला आणि १० फूट रुंदीत सुमारे ५६ हर्ट्झला आवाज फुगतो. स्पीकर कोपऱ्यात सरकवला की हा फुगवटा आणखी वाढतो आणि डग्ग्याची घुमक गोल न लागता नुसती ‘धब’ होते. म्हणून फडताळात किंवा फ्रिजवर ठेवू नका. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा ठेवा. काही महागडे स्पीकर मायक्रोफोनने खोली ‘ऐकून’ स्वतःला जुळवून घेतात. ती सोय खरी आहे, खर्जाचा फुगवटा तिने कमी होतो. पण स्लॅबचा घुमारा कुठल्याही सॉफ्टवेअरला पुसता येत नाही.

गैरसमज: ब्लूटूथ म्हणजे खराब आवाज, आणि नव्या आवृत्तीचं ब्लूटूथ म्हणजे चांगला.

दोन्ही अर्धवट. सीडीवर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते. ब्लूटूथच्या मूळ एसबीसी पद्धतीत ती दाबून साधारण ३२८ किलोबिटवर आणतात, तर एलडॅकमध्ये ९९० पर्यंत जाते. पण फोन आणि स्पीकर या दोघांनाही ती पद्धत यावी लागते. आयफोन एलडॅक पाठवतच नाही, तो एएसी पाठवतो. एलडॅकसाठी जास्त पैसे मोजण्याआधी घरातले फोन कोणते ते बघा. ब्लूटूथ ५.० की ५.३ या आकड्यावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. वायफायवर चालणारा स्पीकर गाणं थेट इंटरनेटवरून घेतो, फोन फक्त रिमोटचं काम करतो, त्यामुळे मध्येच फोन आला तरी गाणं थांबत नाही. मात्र लाइट गेली की राउटर बंद आणि स्पीकर मुका. राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर ब्लूटूथ आणि बॅटरीही असलेलाच स्पीकर घ्या.

गैरसमज: हाय-रेझ लिहिलं की जुनी गाणीही खुलतात.

ध्वनिमुद्रणात जे उतरलंच नाही ते स्पीकर कुठून आणणार? ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर वरचे सूर फारसे टिपले जातच नव्हते. मध्यम लहरींवरचं प्रक्षेपण, आपलं १३०५ किलोहर्ट्झचं परभणी आकाशवाणी केंद्र धरून, साधारण पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज पोहोचवतं. अशा गाण्यांसाठी मधला पट्टा स्वच्छ लागतो, कारण माणसाचा आवाज तिथंच राहतो. तो मधला पट्टा स्वच्छ असलेला स्पीकर हाय-रेझचं चिन्ह नसलं तरी मी आधी उचलीन.

गैरसमज: चांगलं-वाईट कानाला लगेच कळतं.

कानाआधी डोळे निकाल देतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली हरमन कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून. स्पीकर दिसताच लोकांचे गुण बदलले. दुसरा चकवा मोठ्या आवाजाचा. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर नेहमी ‘भरदार’ वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज फोनवरच्या डेसिबल-मापक ॲपने सारखा करा, मग घरातल्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगून पाठमोरे ऐका.

ऐकायचं काय? जे पाठ आहे ते. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास बोलते. ती नुसती गुणगुणते की तिच्यातला जव्हारही ऐकू येतो? भीमसेन जोशींच्या संतवाणीत टाळ झणकतात तेव्हा टाळ आणि गळा वेगळे राहतात का? पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा आणि शाईच्या बाजूचा फरक कळतो का? परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी, इथल्या कानांना भजनाचा खरा आवाज माहीत आहे. मोजमापाला याहून चांगला आधार नाही. शेवटी हेच सगळं अगदी हळू आवाजात, पंखा चालू ठेवून ऐका. कमी आवाजात कानाला खर्ज आपोआप कमी ऐकू येतो. चांगला स्पीकर तिथंही गाणं पोकळ होऊ देत नाही.

गैरसमज: एकाच डब्यात पूर्ण स्टिरिओ मिळतो.

डावा-उजवा आवाज वेगळा यायला दोन स्पीकरमध्ये अंतर लागतं, निदान पाच-सहा फूट. एकटा डबा भिंतींवर आवाज आपटून पसारा मोठा भासवतो, बाकी काही नाही. चाळीस हजारांच्या एका स्पीकरपेक्षा जोडता येणारे वीस-वीस हजारांचे दोन, हे माझं स्पष्ट मत. एकट्या गळ्याचं संगीतच ऐकणाऱ्याने मात्र एकच घेतला तरी चालेल.

गैरसमज: महाग घेतला की आयुष्यभराची चिंता मिटली.

परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. ॲपलने होमपॉडसाठी सांगितलेली मर्यादा ३५ अंशांची आहे. बॅटरीवाल्या स्पीकरला उष्णता जास्तच बाधते: लिथियम बॅटरी उन्हाळ्यात पूर्ण चार्ज करून खिडकीशी ठेवली तर लवकर म्हातारी होते. धुळीचंही तेच. ‘आयपीएक्स७’ म्हणजे पाण्याची चाचणी झाली, धुळीची नाही. धुळीचं संरक्षण हवं तर ‘आयपी६७’ बघा.

आणि वायरलेस स्पीकर हा निम्मा संगणक असतो. सोनोस या नामांकित कंपनीने मे २०२० मध्ये आपल्या जुन्या उपकरणांना नवे सॉफ्टवेअर अपडेट देणं थांबवलं. स्पीकरच्या आतले पडदे, चुंबकं शाबूत असताना केवळ ॲपमुळे स्पीकर मागे पडू शकतो. त्यामुळे पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: जवळचं सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात आहे, बॅटरी बदलून मिळते का, आणि मागच्या बाजूला ऑक्सची साधी पिन आहे का. ॲप बंद पडलं तरी त्या पिनेला फोन, टीव्ही किंवा जुना रेडिओ जोडता येतो.