लोहनगरीतील केवडा : मातीविना शेती आणि लोहाचा प्रश्न

भिलाई हे नाव उच्चारताच लोखंड डोळ्यांपुढे उभे राहते. दुर्ग जिल्ह्यातील ह्या गावाजवळ पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यामध्ये १९५५ साली झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्ग जिल्हा १९५६ सालापर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत होता. आज तो छत्तीसगडात आहे. कारखान्यास लागणारे लोहखनिज कित्येक दशके प्रामुख्याने दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून आले. येथून बाहेर पडणाऱ्या रुळांवरून देशातील आगगाड्या धावतात. अशा नगरीतील एखाद्या गच्चीवर बादलीत वाढविलेले टोमॅटोचे रोप लोहाच्या अभावी पिवळे पडून मरावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु ज्यांनी मातीविना शेती करून पाहिली आहे, त्यांना ही अडचण चांगलीच परिचित आहे. तिचे कारण समजून घेतल्यास माती आपल्यासाठी न बोलता कोणते काम करीत असते, तेही ध्यानी येते.

मातीविना शेतीस हायड्रोपोनिक्स असे म्हणतात. तिच्यात मुळे पाण्यात, वाळूत, खडीत किंवा नारळाच्या काथ्याच्या भुशात वाढतात आणि वनस्पतीस लागणारी सर्व खनिज द्रव्ये पाण्यात विरघळवून दिली जातात. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. इंग्लंडात जॉन वुडवर्ड याने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिली व आपले निष्कर्ष १६९९ मध्ये प्रसिद्ध केले. पावसाच्या स्वच्छ पाण्यातील रोप खुरटले आणि बागेतील माती मिसळलेल्या गढूळ पाण्यातील रोप फोफावले. रोप केवळ पाण्यावर जगत नाही, पाण्यातून येणाऱ्या पार्थिव द्रव्यांवर जगते, हे त्यावरून सूचित झाले. ती द्रव्ये नेमकी कोणती हे ठरविण्यास मात्र दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला. जर्मनीत झाक्स आणि क्नॉप यांनी १८६० च्या सुमारास शुद्ध पाण्यात मोजके क्षार विरघळवून त्यांत रोपे वाढविली. एकेक क्षार वगळून पाहिला म्हणजे त्याची आवश्यकता कळते, इतकी ही रीत सरळ होती. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिके यांनी १९२९ पासून ह्या प्रयोगशाळेतील रीतीस शेतीचे रूप देण्याचा आग्रह धरला. भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६-४७ च्या सुमारास बंगालमधील कालिंपाँग येथे खडीच्या वाफ्यांत कोरडे क्षार घालून साधी व स्वस्त पद्धत बसविली. ती ‘बंगाल पद्धत’ म्हणून ओळखली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बी रुजते तेव्हा त्यास बाहेरून खत लागत नाही, कारण पहिल्या काही दिवसांची शिदोरी बियाच्या पोटातच असते आणि तिच्यात लोहाचाही अंश असतो. ओल्या काथ्याच्या भुशात टोमॅटोचे किंवा मिरचीचे बी टाकले की कोंब वर येतो, दोन दले उघडतात, सर्व काही हिरवेगार दिसते. रोप क्षारांच्या पाण्यावर ठेवल्यावरही काही काळ तक्रार नसते. त्यानंतर शेंड्याकडील नवी पाने फिकट निघू लागतात. शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा होतो. उपेक्षा झाल्यास पान जवळजवळ पांढरे पडते. खालची जुनी पाने मात्र तशीच हिरवी असतात.

हे शेवटचे लक्षण महत्त्वाचे आहे. नत्र कमी पडल्यास वनस्पती जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांस पुरविते, म्हणून प्रथम खालची पाने पिवळी पडतात. एकदा पानात बसलेले लोह मात्र सहसा हलत नाही, म्हणून त्याच्या उणिवेची झळ प्रथम शेंड्यास लागते. महाराष्ट्रातील ऊस-बागायतदारांना हे दृश्य नवे नाही. चुनखडीच्या जमिनीत ऊस असा पिवळा-पांढरा पडला म्हणजे ‘ऊस केवडा पडला’ असे ते म्हणतात. (बाजरीवरील केवडा निराळा, तो बुरशीजन्य रोग होय.) नाव सुंदर आहे, परंतु ते ऐकून कोणा शेतकऱ्यास आनंद झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते. त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. तथापि हरितद्रव्य तयार करण्याच्या क्रियेस लोह लागते, आणि प्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनविण्याच्या यंत्रणेतही ते ठिकठिकाणी गुंतलेले असते. फ्रान्समध्ये ग्रीस याने १८४४ च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या पानांस लोहाच्या क्षाराचे पाणी लावून ती पुन्हा हिरवी केली होती. लागणारे प्रमाण पाहू जाता मन थक्क होते. क्षारांच्या एक लिटर पाण्यात सुमारे अडीच मिलिग्रॅम लोह असले म्हणजे पुरते. भिलाईत तयार होणाऱ्या जड रुळाचे वजन दर मीटरास ६० किलोग्रॅम असते. त्या एका मीटरातील लोह विरघळविता आले, तर दोन कोटी लिटरांहून अधिक पाण्यास ते पुरेल.

खरी अडचण ‘विरघळविता आले तर’ ह्या शब्दांतच आहे. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे पाच टक्के लोह आहे, परंतु हवेच्या सान्निध्यात ते गंजाच्या रूपाने राहते आणि गंज पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पाणी आम्लधर्मी असल्यास थोडे विरघळते. आम्लतेचे मान दर्शविणारा पीएच एका अंकाने वाढला की ह्या गंजलेल्या लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपट घटते. पाच पीएचच्या पाण्यात जेथे हजार कण तेथे सहा पीएचच्या पाण्यात एक, असा हा हिशेब आहे. भाजी पिवळी पडली की कुंडीत गंजके खिळे पुरण्याची चाल काही घरांतून आढळते. वनस्पतीस जे रूप घेता येत नाही नेमके तेच तिला वाढावे, असा तो प्रकार आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष पाहता येईल. हिराकशीचे काही स्फटिक नळाच्या पाण्यात विरघळवून ते काचेच्या भांड्यात उघडे ठेवावे. प्रथम पाणी स्वच्छ, किंचित हिरवट दिसते. एकदोन दिवसांत ते गढूळ होते आणि तळाशी तांबूस-पिवळा गाळ बसतो. लोह भांड्यातच आहे, कोठेही गेलेले नाही. परंतु रोपाच्या दृष्टीने ते नाहीसे झाले आहे. पाण्यात फॉस्फेट असल्यास त्याच्याशी संयोग होऊनही लोह असेच खाली बसते.

मग रानातील झाडे जगतात कशी? टोमॅटो, मिरची, हरभरा यांची मुळे भोवतालच्या मातीत आम्ल सोडतात आणि मुळाच्या पृष्ठभागावर लोहाचे रूप पालटून त्यास घेण्याजोगे करतात. गवताच्या कुळातील पिके, म्हणजे मका, जव, गहू, दुसराच उपाय योजतात. त्यांची मुळे अशी द्रव्ये पाझरतात की जी लोहाच्या अणूस वेढून पुन्हा मुळापर्यंत घेऊन येतात. जपानमधील ताकागी यांनी १९७० नंतरच्या दशकात हा शोध लावला. शिवाय मातीतील कुजलेला पाला आणि सूक्ष्म जीव हेही लोहास धरून ठेवणारी आम्ले पुरवितात. हे सर्व मुळाभोवतीच्या केसाएवढ्या पातळ थरात चालते. वीस लिटरांच्या बादलीत मुळाने सोडलेले आम्ल सर्व पाण्यात पसरून विरळ होते, आणि पाला किंवा ह्यूमस तर तेथे नसतोच. माती काढून टाकताना आपण तिच्याबरोबर हा सारा कारभारही काढून टाकलेला असतो.

ह्या अडचणीवरील उपाय रसायनशास्त्रातून आला. ईडीटीए नावाचा सेंद्रिय रेणू लोहाच्या अणूस सर्व बाजूंनी असा धरतो की त्याचा गाळ बनत नाही. अशा संयुगास चिलेट म्हणतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे, आणि ज्याने खेकड्याची पकड अनुभवली आहे त्यास त्याचे अधिक स्पष्टीकरण नको. कॅलिफोर्नियातील जेकबसन यांनी १९५१ साली असे लोह एकदाच घालून रोपे दीर्घकाळ हिरवी राखता येतात, हे दाखविले. आज शेतकी दुकानांतून मिळणाऱ्या चिलेटेड लोहाच्या भुकटीत साधारणपणे १२ टक्के लोह असते. दोन ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात विरघळवून काळसर बाटलीत ठेवावी आणि बादलीतील दर लिटर पाण्यास त्यातील १० मिलिलिटर घालावे, म्हणजे वर सांगितलेले प्रमाण साधते.

पण चिलेटवर भिस्त ठेवून निश्चिंत होता येत नाही. पीएच साडेसहाच्या वर गेला की ईडीटीएची पकड सुटू लागते. आणि तो वर जातोच. कारण नायट्रेटच्या रूपाने नत्र घेताना मुळे पाण्याची अल्कता वाढवितात. बोअरवेलचे पाणी जड असल्यास भर पडते. प्रारंभी अचूक असलेल्या बादलीतही काही आठवड्यांनी केवडा दिसतो, त्याचे इंगित हेच. आठवड्यातून दोनदा पीएच-कागदाने तपासून पाणी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान ठेवावे लागते. सूर्यप्रकाशही ह्या चिलेटचा नाश करतो व शेवाळ वाढवितो, म्हणून बादली अपारदर्शक आणि झाकलेली हवी. भिलाईकरांस एक विशेष सूचना करावीशी वाटते. झोतभट्टीतील धातुमळी, म्हणजे स्लॅग, खडीसारखी दिसते म्हणून वाफ्यांत भरण्याचा मोह होईल. तिच्यात चुन्याचा अंश फार असतो. ती पाणी अल्कधर्मी करील आणि केवड्यास आमंत्रणच देईल. सिमेंटसाठी ती उत्तम, मुळांसाठी नव्हे.

मातीविना, दिव्यांच्या प्रकाशात, बंद खोलीत रोपे वाढविण्याच्या कलेचा एक भाग गांजाच्या चोरट्या लागवडीतून पाश्चात्त्य देशांत वाढला, हे नमूद केले पाहिजे. आपल्याकडे ही वनस्पती अपरिचित नाही. ब्रिटिश काळात मध्य प्रांतातील निमाड भागात, खांडव्याच्या परिसरात, सरकारी देखरेखीखाली तिची लागवड होत असे, आणि तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८९३-९४ मध्ये देशभर साक्षी घेतल्या होत्या. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यान्वये सरकारी परवान्याविना ती लावणे हा आता गंभीर गुन्हा आहे. लोहाच्या प्रश्नापुरते पाहिल्यास तिच्यात आणि टोमॅटोत काही भेद नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आणि भिलाईत अधिक कठीण. वीस अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरास सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांस सातच्या आसपास. मे महिन्यात गच्चीवरील बादली तापली की मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेले मूळ समोर असलेले लोहही घेऊ शकत नाही. अशा वेळी शेंडा पिवळा दिसला म्हणून अधिक लोह ओतणे व्यर्थ होय. प्रथम मूळ उचलून पाहावे. ते पांढरे असल्यास लोहाचा विचार करावा, तपकिरी व बुळबुळीत असल्यास सावली आणि हवा यांचा.

गावाबाहेर मात्र ह्याच जिल्ह्याची माती निराळी कथा सांगते. येथील शेतकरी जमिनीची कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा अशी नावे घेतात. भाटा ही तांबडी, मुरमाड, लोहाने लालभडक झालेली जमीन. पावसाळ्यात धानाच्या बांधीत पाणी साचले म्हणजे चिखलातील हवा संपते, तेथील जीवाणू गंजलेल्या लोहाचे रूप पालटतात आणि ते विरघळू लागते. भाताचे मूळ हे विरघळलेले लोह सरळ उचलते. काही पाणथळ जमिनींत ते इतके वाढते की भाताच्या पानांवर तांबूस ठिपके पडतात, आणि शेतकऱ्यास पाणी काढून बांधी काही दिवस सुकवावी लागते.