नस काढली, तरी दाढ का ठणकते?

दाताच्या दवाखान्यातून माणूस घरी आला की घरचे विचारतात, ‘काय म्हणाले?’ उत्तर ठरलेलं असतं : ‘नस मारली, आता कॅप बसवायचीय.’ पुढचा निम्मा घोटाळा या ‘नस मारली’ने करून ठेवलेला असतो. नस मेली म्हणजे दाढेचा दगड झाला आणि दगडाला दुखायचं कारण नाही, असं आपण धरून चालतो. मग कॅप बसून तीन आठवडे उलटले तरी भाकरीचा तुकडा त्या बाजूला गेला की कळ येते, तेव्हा दोनच शक्यता सुचतात : डॉक्टरने फसवलं, नाहीतर नस अर्धवट राहिली. मलाही त्या दोनच सुचल्या होत्या. खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल, वर झिर्कोनियाची कॅप, आणि चिवड्यातला शेंगदाणा तिच्याखाली आला की डोळ्यांत पाणी. माझ्या दाढेचं खरं कारण पुढे सांगतो. ते या दोन्हींपैकी नव्हतं.

‘नसच नाही, मग दुखतंय कोणाला?’

दाताला जाणीव दोन ठिकाणांहून होते. एक दाताच्या पोटातून. तिथे पल्प नावाचा मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. गार पाण्याने दात शिवशिवतो, रात्री आडवं पडलं की ठसठसतो, तो या गरामुळे. रूट कॅनलमध्ये हा गर काढून मुळांतल्या नळ्या साफ करतात आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरून टाकतात.

दुसरी जागा दाताच्या बाहेर आहे आणि तिला कोणी हातही लावत नाही. दाताचं मूळ हाडात खिळ्यासारखं ठोकलेलं नसतं. ते बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेलं असतं. या अस्तराची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, पण त्याला स्वतःचे मज्जातंतू असतात. भातातला खडा दाताखाली आल्याबरोबर आपण थबकतो, ते मुख्यतः याच अस्तरामुळे. रूट कॅनल झालेल्या दाढेलाही खडा कळतो. जिला खडा कळतो तिला ठेचही लागणारच.

आणि ठेच लागलेली असते. संसर्गाने आधीच सुजलेल्या मुळाच्या टोकाशी सुया फिरलेल्या असतात, औषधाने नळ्या धुतलेल्या असतात. त्यामुळे पहिले काही दिवस चावताना दुखणं हे अपेक्षितच. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या एका आढाव्यात असं दिसलं की उपचाराआधी सुमारे ८१ टक्के लोकांना दुखत होतं; उपचारानंतर २४ तासांनी ४० टक्क्यांना आणि सात दिवसांनी ११ टक्क्यांना. म्हणजे आठवडा झाल्यावरही नऊ-दहा जणांमागे एकाला थोडंफार दुखतं, आणि त्यातल्या बहुतेकांचं पुढे आपोआप थांबतं. रोज थोडं कमी होणाऱ्या दुखण्याला वेळ द्यावा. दोन आठवडे जसंच्या तसं राहिलेलं, किंवा मध्ये महिनाभर छान जाऊन पुन्हा सुरू झालेलं दुखणं वेगळं. ते दाखवायलाच हवं.

‘कॅप नवीन आहे, सवय होईल’

बुटाची सवय होते, कॅपची होत नाही. निदान उंच बसलेल्या कॅपची तरी नाही. दातांमध्ये धरलेली सुमारे वीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी पट्टीही माणसाला जाणवते. कॅप तेवढीच उंच राहिली तर प्रत्येक घासाला, प्रत्येक आवंढ्याला पहिला मार त्याच दाढेवर पडतो, आणि आधीच हळवं झालेलं अस्तर रोज नव्याने ठेचलं जातं.

ही उंची दवाखान्यातच का कळत नाही? कारण तिथे आपण आडवे असतो, तासभर तोंड उघडून जबडा दमलेला असतो, कधी भूल उतरलेली नसते, आणि ‘चावून बघा बरं, ठीक वाटतंय का?’ या प्रश्नाला आपलं उत्तर ‘हो’ असतं, कारण आपल्याला घरी जायचं असतं. दुसऱ्या दिवशी ताटावर बसल्यावर खरा चावा कळतो. माझं एवढंच झालं होतं. डॉक्टरांनी मला ताठ बसवलं, दातांमध्ये रंगीत कागद धरून चावायला लावलं, नंतर जबडा डावी-उजवीकडे घासायला सांगितलं. कॅपच्या मागच्या कोपऱ्यात एक गडद ठिपका उमटला. तेवढा घासला. आठ-दहा दिवसांत शेंगदाणे परत सुरू.

मात्र ठिपके सगळीकडे सारखे उमटत असतील आणि तरी दुखत असेल, तर पुन्हा पुन्हा घासून घेऊ नये. तिथे कारण दुसरं असतं. कधी कॅप आणि शेजारच्या दाताच्या मध्ये फट राहते, तिच्यात मेथीचा धागा रोज अडकतो आणि हिरडी सुजते. कधी कॅप चिकटवतानाचं सिमेंट हिरडीखाली राहून गेलेलं असतं. दुखणं हिरडीचं असतं, बोल दाढेला लागतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर जबड्याचा स्नायूच दाढेसारखा दुखतो; सकाळी उठल्यावर गाल जड वाटत असेल तर ते आवर्जून सांगावं.

‘एक्स-रे चांगला आहे, म्हणजे दात ठीक आहे’

एक्स-रे ही सावली असते. तीन मुळांची दाढ सपाट कागदावर पडते आणि एकामागे एक असलेल्या गोष्टी एकच दिसतात. वरची पहिली दाढ यासाठी कुप्रसिद्ध आहे. मुळं तीन, म्हणून नळ्या तीन असं वाटतं. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दुसरी, केसासारखी नळी दडलेली असते. ती सापडली नाही तर आतला संसर्ग तसाच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली काम केलं तर ती सापडण्याची शक्यता बरीच वाढते. थ्रीडी स्कॅनमध्येही ती दिसू शकते.

मुळाला गेलेली उभी चीर त्याहून लबाड. साध्या एक्स-रेत ती सहसा दिसत नाही, आणि स्कॅनमध्ये गटापर्चा व धातूच्या चकाकीत हरवते. डॉक्टर हिरडीत बारीक मापपट्टी घालतात. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटरवर अडणारी पट्टी एकाच जागी सरळ खोल गेली की संशय बळावतो. मुळाला अशी चीर असेल तर ती दाढ सहसा वाचत नाही, आणि हे स्पष्ट सांगणारा डॉक्टर कडू वाटला तरी प्रामाणिक असतो.

उलट चूकही होते. मुळाच्या टोकाशी काळा डाग अजून दिसतोय, म्हणजे उपचार फसला, असं म्हणून लोक दुसरा दवाखाना गाठतात. तो डाग म्हणजे विरघळलेलं हाड. ते भरून यायला महिने लागतात. वर्षाने फोटो काढून बघतात, आणि काही दाढांना चार वर्षंही लागतात.

‘गार लागतंय, म्हणजे नस राहिली’

राहिलेली असू शकते. पण आधी शेजारचा दात तपासावा. दात कोणता दुखतोय हे सांगण्यात आपण सगळेच कच्चे. मेंदू कधी कधी वरच्या आणि खालच्या दाढेतसुद्धा गल्लत करतो. वरच्या मागच्या दाढांची मुळं वरच्या जबड्याच्या हाडातल्या सायनसला जवळजवळ टेकलेली असतात, म्हणून सर्दी साचली की दोन-तीन दाढा एकदम जड होतात, वाकलं की जास्त.

‘अँटिबायोटिकचा कोर्स केला की बसेल’

कॅप उंच आहे, नळी सुटली आहे, मूळ चिरलं आहे. यांपैकी कशावरही गोळी चालत नाही. ज्या पोकळीतून रक्तवाहिन्याच काढून टाकल्या, तिथे रक्तातून औषध पोहोचणार तरी कसं? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९मध्ये दंतवैद्यांना हेच सांगितलं : दातदुखीवर बहुतेक वेळा अँटिबायोटिक देऊ नका, दातावर उपचार करा. उरलेल्या पट्टीतल्या दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं, असं सांगणारे प्रत्येक घरात आहेत. बहुधा ते दुखणं तसंही ओसरणारच होतं. सूज गालावर किंवा गळ्यावर पसरतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, तेव्हा मात्र अँटिबायोटिकही लागतं आणि त्याच दिवशी दवाखानाही. श्वासाला त्रास होत असेल तर दाताचा दवाखाना शोधत बसू नये, थेट मोठं रुग्णालय गाठावं.

दुखणं कमी करायला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या साध्या गोळ्या चांगल्या चालतात. मूत्रपिंडाचा, पोटाच्या अल्सरचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. लवंगेच्या तेलाने क्षणभर बधिर वाटतं, पण कॅपखाली ते जात नाही आणि हिरडी भाजते. मिश्रीबद्दल तर बोलायलाच नको, ती तंबाखू आहे. आणि भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतला ‘किडा’ पाडणारे अजून भेटतात. पडतात ते बियांचेच कण. दाताला किडा असतो ही समजूत फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८मध्येच आपल्या ग्रंथात नाकारली होती.

‘काढूनच टाका, कटकट मिटेल’

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हा. २०१०च्या एका आढाव्यानुसार रूट कॅनलनंतर सहा महिने किंवा जास्त काळ दुखत राहणाऱ्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांत दुखण्याचं मूळ दातात सापडतच नाही. चावा ठीक, नळ्या भरलेल्या, चीर नाही, हिरडी निरोगी, तरी दिवसभर एक मंद जळजळ त्याच जागी बसलेली. इथे बिघाड मज्जातंतूंत असतो. कापलेला पाय दुखतो असं सांगणारा जखमी सैनिक खोटं बोलत नसतो, तसंच हे. अशा माणसाची दाढ काढली तर दुखणं रिकाम्या जागेत तसंच राहतं किंवा शेजारच्या दाताकडे सरकतं. मग तोही काढला जातो.

चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूच्या विकारात, ट्रायजेमिनल न्यूराल्जियात, हे बऱ्याचदा घडतं. ब्रश लागला, वारा लागला की विजेसारखी सणक, काही सेकंदांत गायब. खरं निदान होईपर्यंत यातल्या कित्येकांच्या दोन-तीन चांगल्या दाढा गेलेल्या असतात. या दुखण्यांवर मज्जातंतू शांत करणारी औषधं असतात. त्यांतली काही नैराश्यावर किंवा फिटवर दिली जाणारी असतात, म्हणून चिठ्ठी बघून ‘मला वेडा समजले’ असं वाटून घेऊ नये.

म्हणून डॉक्टरकडे जाताना ‘दुखतंय’ एवढंच सांगू नये. मराठीत शिवशिवणं, ठसठस, ठणका, कळ, सणक, जळजळ असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांचा अर्थ खरोखर वेगवेगळा आहे. शिवाय कशाने दुखतं, किती वेळ टिकतं, रात्री जाग येते का, हेही सांगावं. जिने चढताना डावा जबडा दुखतो आणि थांबलं की दुखणंही थांबतं, असं कोणी म्हणालं तर त्याला दाताच्या नव्हे, हृदयाच्या डॉक्टरकडे तातडीने पाठवावं.

दाढ काढायला लावणारी आणखी एक समजूत आहे. ‘रूट कॅनल केलेला दात शरीरात विष सोडतो’ हे अधूनमधून मोबाइलवर फिरतं. १९१०मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने मॉन्ट्रिअलच्या भाषणात अशुद्ध दंतकामाला अनेक रोगांचं मूळ ठरवलं, पुढे वेस्टन प्राइस या दंतवैद्याने त्याच समजुतीवर प्रयोग केले, आणि लाखो दात उपटले गेले. नंतरच्या काटेकोर अभ्यासांत ते टिकलं नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. नळी सुटली आहे हे नक्की झालं की लोक आधी विचारतात, ‘म्हणजे कॅप फुकट गेली?’ बऱ्याचदा नाही. कॅपच्या माथ्यावर छोटं भोक पाडून आतलं काम पुन्हा करतात आणि भोक भरून टाकतात. कॅपची कड गळत असेल किंवा तिच्याखाली पुन्हा कीड लागली असेल, तरच ती बदलावी लागते.