झोका द्या, थांबा, वाट बघा

आजचा विषय आहे ऑटिझम आणि खेळ. रत्नागिरीतल्या पालकांकडून एक अडचण मी पुन्हा पुन्हा ऐकतो. थेरपीसाठी दर आठवड्याला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, की रात्रीची गाडी पकडून मुंबई? त्यात सुट्ट्या, खर्च, मुलाची दमछाक. मग मधल्या दिवसांत घरी काय करायचं?

आधी एका शब्दाबद्दल. ऑटिझमला आपण 'स्वमग्नता' म्हणतो. त्यामुळे वाटतं, मुलाला कुणी नकोच आहे. पण बरेचदा ते काहीतरी सांगत असतं, फक्त आपल्या ओळखीच्या खुणांनी नाही.

समजा, मूल पडवीत करवंट्या ओळीने मांडतंय. आपण लगेच विचारतो, 'हे काय? किती आहेत?' झाली परीक्षा सुरू! त्याऐवजी शेजारी जमिनीवर बसा आणि आपलीही एक ओळ मांडा. 'करवंटी ठेवली' एवढंच म्हणा आणि गप्प राहा. खेळ त्याचा, आपण पाहुणे.

झोपाळ्यावर चार झोके द्या आणि थांबा. 'एक, दोन...' म्हणा, आणि मनात दहापर्यंत मोजा. मुलाने बघितलं, पाय हलवले, हात ओढला, की लगेच 'तीन!' आणि झोका. आपण काही केलं की समोरचा उत्तर देतो, हे त्याला उमगतं. बोलण्याचा पाया हाच. नाही बघितलं, तर अडवून धरू नका. झोका द्या, नंतर पुन्हा थांबून बघा. आणि कान झाकून दूर गेलं, तर तेही उत्तरच. तिथे खेळ संपला.

हे घरी जमतं का? आपल्या शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत याची रीतसर चाचणी झाली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. पालक-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ घ्यायचा, मग पालकांसोबत बसून बघायचा: कुठे सूर जुळला? या पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जास्त जायला लागला आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांचं लक्ष मिळून एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ वाढला नाही, उलट घटला. म्हणजे ही जादू नाही आणि ऑटिझम 'बरा' करण्याचा उपायही नाही. थेरपिस्ट मिळत असेल तर सोडू नका.

शंका असेल तर 'बोलेल हळूहळू' म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांना विचारा.

आज संध्याकाळी दहा मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून, एकही प्रश्न न विचारता खेळून बघा. काय दिसलं ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!