आपल्याच नावाचं दुसरं वायफाय

आज वायफायबद्दल बोलू या. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बैठक संपली, ग्रामसंघाच्या खोलीतला राउटर बंद केला आणि आम्ही कुलूप लावायला निघालो. तेवढ्यात अध्यक्षताई म्हणाल्या, "अगं, माझ्या फोनवर आपलं वायफाय अजून दिसतंय की!"

राउटर बंद आणि नाव चालू, हे कसं? तर वायफायचं नाव म्हणजे दुकानाची पाटी. तशीच पाटी दुसरा कुणीही रंगवून लावू शकतो.

फोन हातात धरून आम्ही खोलीभर फिरलो. दाराजवळ एक रेघ, मागच्या खोलीत तीन, कपाटापाशी सगळ्या भरल्या. कपाटामागे छोटासा डबा निघाला आणि त्याची वायर थेट आमच्याच राउटरला! हिशेब भरायला येणाऱ्या मुलाने तो बसवला होता. मागे रेंज येत नव्हती, म्हणून. नावही त्याने तेच दिलं होतं. हेतू वाईट नव्हता, पण पासवर्ड ठेवलाच नव्हता. बाहेर पारावर बसलेल्या कुणालाही आमच्या नेटवर्कमध्ये शिरता आलं असतं, आणि त्याच नेटवर्कवर सगळ्या गटांच्या कर्जाच्या याद्या नि आधारच्या प्रती असलेला संगणक!

खरं तर आधीच कळायला हवं होतं. फोनच्या यादीत तेच नाव दोनदा दिसत होतं, एकापुढे कुलपाची खूण, दुसऱ्यापुढे नाही. आमचं लक्षच नव्हतं.

तुमच्याकडे हे करून बघा. राउटर बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, कारण फोन जुनी यादी थोडा वेळ तशीच दाखवतो. तरीही नाव राहिलं, तर शोधायला लागा. राउटरमधून निघणारी प्रत्येक वायर कुठे जाते, ती शेवटापर्यंत हाताने धरून बघा. राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादीही पाहता येते, पण तेवढ्यावर विसंबू नका. असा डबा बऱ्याचदा तिथे एकच यंत्र म्हणून दिसतो, मग त्याच्यामागे दहा फोन का असेनात.

काही वेळा चोराला तुमची वायरही लागत नाही. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियात पोलिसांनी एकाला पकडलं. तो विमानतळांवर आणि विमानातही खऱ्यासारखं दिसणारं वायफाय सुरू करायचा. जोडलं की ईमेलचा पासवर्ड मागणारं पान उघडायचं. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना अनोळखी वायफाय खटकलं, म्हणून तो सापडला. तेव्हा एसटी स्टँडवर वायफाय जोडताना कुणी ईमेलचा पासवर्ड किंवा बँकेचा ओटीपी मागितला, तर तिथेच बंद करा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन लावा.

त्या मुलाला आम्ही रागावलो नाही. डबा काढला, संगणकाचा आणि वायफायचा पासवर्ड बदलला. मागच्या खोलीसाठी ठराव करून दुसरा राउटर घेतला. त्याची नोंद आता वहीत आहे, आणि चावी अध्यक्षताईंच्या कपाटाची असली तरी वही सगळ्यांना बघता येते.