रुग्णालयाचं बिल (भाग ९) : दर पाडला, यंत्रं वाढली

मागच्या भागात जपानच्या दरपत्रकाशी तोंडओळख झाली. टोकियोतलं मोठं रुग्णालय असो की गावातला दवाखाना, एका तपासणीचा दर देशभर एकच. तो गुणांत लिहिलेला असतो, एक गुण म्हणजे १० येन, आणि दर दोन वर्षांनी त्यात फेरफार होतो. आज या जाडजूड पत्रकातली एकच नोंद पाहू : एमआरआय.

२००२ च्या फेरफारात सरकारने एमआरआयचा दर जवळपास एक तृतीयांशाने कापला. ज्या तपासणीचा आकडा फुगतो तिच्यावर कात्री चालवायची, ही तिथली जुनी रीत. आता यंत्रं कोण घेणार, असं आपल्याला वाटेल. घेतली की! त्या वर्षी दहा लाख लोकांमागे सुमारे ३५ एमआरआय यंत्रं होती, २०१७ मध्ये ती ५५ झाली. अमेरिका तेव्हा चाळिशीच्या आतच होती.

दर कापला तरी यंत्राचे हप्ते थांबत नाहीत. मग कमी दरातही परवडेल असं यंत्र शोधणं आलं. हिताचीसारख्या कंपन्या कायमस्वरूपी चुंबकाची छोटी यंत्रं बनवत होत्याच. त्यांना द्रवरूप हेलियम लागत नाही, जागाही थोडी पुरते. चित्र जरा मऊ येतं, पण दुखऱ्या गुडघ्याची तक्रार कळायला बहुधा तेवढं पुरतं. पुढे सरकारने दर चुंबकाच्या ताकदीशी जोडला : ३ टेस्ला किंवा जास्त असेल आणि अटी पाळल्या तर १६०० गुण, दीड ते तीनच्या मधल्याला १३३०, त्याखालच्याला ९००. साहजिकच, यंत्र विकत घेणारा डॉक्टर आधी हा तक्ता उघडतो.

गंमत पुढेच आहे. हजार लोकांमागे वर्षाला होणारे एमआरआय जपानमध्ये ११० च्या आसपास, अमेरिकेतही तेवढेच. म्हणजे जपानी यंत्राच्या वाट्याला रुग्ण कमी येतात. रिकामं यंत्र मालकाला बोचतं, आणि पुष्कळदा तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरच्याच दवाखान्यात ते उभं असतं. आपल्याकडच्या ‘कट’ची, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या कमिशनची, तिथे गरजच काय? रुग्णही सहसा नाही म्हणत नाही. ९०० गुणांच्या चित्रणाचे ९००० येन होतात, आणि सत्तरीच्या आतल्या बहुतेकांना त्यातले ३० टक्के, म्हणजे २७०० येन, भरावे लागतात. अहवालाचे पैसे वेगळे.

यावरही दरपत्रकात एक बारीक कलम आहे. त्याच महिन्यात पुन्हा सीटी किंवा एमआरआय केला, तर चित्रणाचे ८० टक्केच गुण मिळतात. मला हे कलम आवडतं. डॉक्टरचा हात कुणी धरत नाही, फक्त दुसऱ्या खेपेची गोडी कमी होते. महिना संपत आला असताना रुग्णाला ‘एक तारखेनंतर या’ असं सांगण्याचा मोह कुणालाच होत नसेल, हे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही.

(पुढील भागात : अमेरिकेतल्या मेडिकेअरची २००७ ची कपात)